नहरींच्या शहरात पहिली सकाळ



आपल्या गावचे पाणी पाहून दुसऱ्या गावच्या पाण्याची कल्पना करावी, हा माणसाचा स्वभावच आहे. मी राहणारा ढाणकीचा. यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड तालुका, त्यातले हे गाव. आमच्या दक्षिणेला काही कोसांवर पैनगंगा आहे. पावसाळ्यात ती सहस्रकुंडाला अशी कोसळते की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. उन्हाळ्यात मात्र तीच नदी पाहवत नाही. पात्र कोरडे पडते, आणि काठच्या आयाबाया वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. इसापूरच्या धरणातून पाणी सुटले की नाही, ही आमच्याकडे चैत्र-वैशाखातली पहिली बातमी असते. तेव्हा कालवा म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. उघडा, लांबच लांब पाट, दोन्ही बाजूंना मातीचे बांध, आणि मधून वाहणारे गढूळ पण हवेहवेसे पाणी.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मी पहिल्यांदा निघालो तेव्हा हेच चित्र मनात घेऊन निघालो. ते नहरींचे शहर आहे, एवढे पुस्तकात वाचले होते. नहर म्हणजे कालवा. तेव्हा शहरभर कालवे असतील, त्यांवर लहान लहान पूल असतील, काठावर झाडे असतील, असे मी धरूनच चाललो होतो. हिमायतनगरला गाडीत बसलो. नांदेड गेले, परभणी गेली, जालना गेले. रात्री उशिरा गाडी शहरात पोचली.

मावसबहिणीकडे उतरलो होतो. तिने जेवण वाढले, अंथरूण घातले आणि जाता जाता हळूच म्हणाली, "दादा, सकाळी आंघोळीला एकच बादली घ्या बरं का. नळ आता परवा यायचाय."

बरं का मंडळी, पाहुण्याला असे सांगताना बाईमाणसाला किती अवघड वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे. मी म्हटले, "अगं, काही लाजू नकोस. मी ढाणकीचा आहे." ती हसली. मला मात्र झोप लागेना. नहरींच्या शहरात एक बादली! मग त्या नहरी गेल्या कुठे?

सकाळी भाच्याला बरोबर घेतले. मुलगा आठवीत. मी त्याला विचारले, "काय रे, इथली नहर कुठे आहे?" तो म्हणाला, "मामा, मकबरा आहे, दरवाजे आहेत, पाणचक्की आहे. नहर कधी पाहिली नाही." आणि खरेच सांगतो, आम्ही दोन तास हिंडलो. भडकल दरवाजा पाहिला, जुन्या वाड्यांच्या भिंती पाहिल्या, दाटीवाटीच्या गल्ल्या पाहिल्या. खाम नदीही पाहिली. तिच्याबद्दल न बोललेलेच बरे. कालवा म्हणावा असे काही दिसले नाही.

शेवटी पाणचक्कीला गेलो. पाऊसकाळ नुकताच सरला होता. आत शिरलो, आणि समोर उंच भिंतीवरून पाण्याचा पडदा हौदात कोसळत होता. आजूबाजूला डोंगर नाही, नदी आहे ती खाली, पंपाचा आवाज नाही. मग हे पाणी भिंतीच्या माथ्यावर चढले कसे? मी तर तिथेच उभा राहिलो. भाचा माझा सदरा ओढून म्हणाला, "मामा, हे पाणी येतं कुठून?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळवले ते आज तुम्हाला सांगणार आहे.

मंडळी, या शहराच्या नहरी जमिनीच्या पोटातून जातात. आम्ही दोन तास हिंडलो ते बहुधा त्यांच्याच डोक्यावरून! शहर वसले आहे खाम नदीच्या खोऱ्यात. उत्तरेला डोंगर आहेत आणि दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर. उत्तरेकडच्या डोंगरात पडलेला पाऊस सगळाच वाहून जात नाही. बराचसा मुरुमात आणि खडकाच्या भेगांत मुरतो, आणि पायथ्याला पाझरत राहतो. त्या पाझराच्या जागा हेरून तिथे विहिरी आणि भुयारे खोदली, पाझर एकत्र केला, आणि दगडी बांधणीच्या झाकलेल्या पाटातून तो शहराकडे आणला. पाटाला उतार दिला तो अगदी बेताचा. उतार जास्त झाला तर पाणी धावते आणि बांधकाम उकरते. कमी झाला तर गाळ साचतो. त्या काळात लांबच लांब अंतर भुयारातून असा उतार राखत आणणे ही चेष्टा नव्हे. आपल्या गावचा गवंडी पाणसळ लावून एका खोलीची फरशी बसवतो, तरी कोपऱ्यात पाणी साचते. त्यावरून अंदाज करा.

पाट झाकलेला असल्याने उन्हाने पाणी उडत नाही, गुरेढोरे त्यात उतरत नाहीत, पालापाचोळा पडत नाही. ठिकठिकाणी वर तोंडे ठेवलेली असतात, माणसाने आत उतरून गाळ काढावा म्हणून. आणि जागोजाग उभे बांधलेले मनोरे असतात, त्यांना तिथले लोक बंबे म्हणतात. पाण्याबरोबर कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते, आणि पाण्याचा दाब सांभाळला जातो.

आता पाणचक्कीच्या भिंतीचे कोडे. शिक्षक बंधुभगिनींनो, हा भाग खास तुमच्यासाठी. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरून दोन टोके वर धरली, तर दोन्हीकडे पाणी एकाच पातळीवर उभे राहते. नळी मध्ये कितीही खाली लोंबू द्या, पाणी पलीकडे तितकेच चढते. पाणचक्कीची नहर जटवाड्याच्या बाजूच्या डोंगरातून येते. उगम उंचावर आहे. मधे पाणी खापरी नळांतून खाली उतरते, आणि बंद नळातून आल्यामुळे या भिंतीपाशी पुन्हा वर चढते. उगमाइतके नाही, वाटेत थोडा जोर खर्च होतोच. पण भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते. पंप नाही, इंजिन नाही, मोटेचा बैल नाही. तुमच्या वर्गात एक नळी आणि एक तांब्या पाणी एवढ्यावर हा धडा होतो. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो मुलांच्या जास्त लक्षात राहील, याची मी खात्री देतो.

आणि ही धार नुसती शोभेची नव्हती. तिच्या जोराने खालचे पात्यांचे चाक फिरे, चाकाच्या आसाबरोबर वरचे दगडी जाते फिरे, आणि पीठ पडे. ही चक्की अठराव्या शतकात, 1744 च्या सुमारास उभी राहिली. इथे बाबा शाह मुसाफिर नावाच्या सूफी साधूची दर्गा आहे. ते मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडून आले होते. त्यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या वाटसरूंना, शिष्यांना आणि गोरगरिबांना भाकरी मिळावी, म्हणून हे दळण चाले. हौदाखाली एक दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचे छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे ऐन उन्हाळ्यात ते थंड राहते. वाटसरू तिथे विसावत. मुसाफिर म्हणजे प्रवासी, हे सांगायला नकोच. त्या दालनात मी आणि भाचा घटकाभर बसलो, आणि मला वाटले, दुरून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग पीठ, मग सावली द्यावी, ही रीत आपल्याकडच्या म्हातारीकोतारीलाही कळते. फक्त इथे ती दगडात बांधून ठेवली आहे.

पण पाणचक्कीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी या शहराला पहिली नहर मिळाली होती. ती कोणी दिली, ते ऐका.

आफ्रिकेतल्या हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका धन्याकडून दुसऱ्याकडे, असा हिंडत हिंडत तो दख्खनला अहमदनगरच्या निजामशाहीत आला. पुढे हाच मुलगा मलिक अंबर या नावाने त्या राज्याचा कारभारी झाला. मोगल फौजांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनमध्ये पाय रोवू दिला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे यांनी 1624 साली भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने तलवार गाजवली. जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी लक्षात ठेवली. असा हा माणूस.

त्याने 1610 साली खडकी नावाच्या लहान गावी राजधानी वसवली. नावच खडकी! खडकाळ जागा, आणि एवढ्या वस्तीला पुरेल असे पाणी हाताशी नाही. फौज आली, कारागीर आले, बाजार आला. पाणी आणायचे कुठून? मलिक अंबरने सांगितले, डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारातून आणू. दरबारातले जाणते लोक हसले, असे सांगतात. पण नहर झाली. हर्सूल-सावंगीच्या बाजूने पाणी शहरात आले आणि हौदाहौदांतून घरोघर खेळले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे शहर वाढले, तशा आणखी नहरी निघाल्या. थत्ते नहर आहे, पाणचक्कीची आहे, बेगमपुऱ्याकडे जाणाऱ्या आहेत. मलिक अंबर 1626 साली वारला. त्याच्या मुलाने गावाला फत्तेनगर म्हटले, 1653 नंतर औरंगजेबाने औरंगाबाद म्हटले, 2023 साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. चार नावे झाली. पण पहिल्या नावाच्या वेळचे ते पाणी पुढच्या नावांच्या लोकांनीही शतकानुशतके प्याले.

एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटली. मलिक अंबरचा वैरी कोण? मोगलांचा सरदार अब्दुल रहीम खानखानान, ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात शिकतो तोच रहीम. त्याचे ठाणे होते तापीकाठी बुऱ्हाणपूरला. आणि त्या बुऱ्हाणपुरातही 1615 च्या सुमारास अशीच भुयारी नहर खोदली गेली, सातपुड्याचा पाझर शहरात आणणारी. ही विद्या मूळची इराणकडची, तिकडे तिला कनात म्हणतात. म्हणजे पाहा, रणांगणावर दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि घरी दोघांकडे खोदाईवाले तेच काम करताहेत. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत आणले, तेही अशाच झाकलेल्या पाटाने. राज्यकर्ता कोणीही असो, रयतेला तहान लागतेच.

आता कोणी म्हणेल, कालव्यांचे शहर म्हणजे इटलीतले व्हेनिस. चित्रात पाहावे ते! रस्त्यांच्या जागी पाणी, आणि दाराशी बैलगाडी बांधावी तशी होडी बांधलेली. खरे आहे. पण ते पाणी खारे. व्हेनिसच्या लोकांनी शतकानुशतके पावसाचे पाणी पिऊन दिवस काढले. प्रत्येक चौकाच्या पोटात मोठा खड्डा, त्यात वाळू भरलेली, मधे विहीर. चौकात पडलेला पाऊस वाळूतून गाळून विहिरीत यायचा. नळाने गोडे पाणी त्या शहराला 1884 साली मिळाले. म्हणजे व्हेनिसचे कालवे डोळ्यांना दिसायचे पण प्यायला उपयोगाचे नव्हते, आणि आपल्या खडकीचे कालवे दिसायचे नाहीत पण तहान भागवायचे. मी जर व्हेनिस शोधत राहिलो असतो, तर हे शहर मला दिसलेच नसते.

दुपारी आम्ही नहरीच्या वाटेने चालायचे ठरवले. वाट विचारत विचारत जुन्या वस्तीत गेलो. दोन घरांच्या मधे एक बंबा उभा होता. चुना उडालेला, वर पिंपळाचे रोप उगवलेले. थोडे पुढे नहरीचे एक तोंड दिसले, अर्धवट फुटलेले. भाचा पालथा पडून आत डोकावला. आत अंधार होता, प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, आणि, ऐका हं, त्या सगळ्याच्या खालून पाण्याचा बारीक आवाज येत होता. पोरगे उठून माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "मामा, अजून चालू आहे!"

जवळच एक वृद्ध गृहस्थ ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "माझ्या लहानपणी आम्ही हेच प्यायचो. उन्हाळ्यातसुद्धा गार लागायचं. मग नळ आले. घरात तोटी आली म्हणताना इकडे कोण बघतं?"

त्यांच्या या वाक्यात सगळा इतिहास आला. नहर कोणा शत्रूने फोडली नाही. नळ आले, आणि नहरीत उतरून गाळ काढणारा माणूस हळूहळू नाहीसा झाला. डोक्यावर घरे उठली. कुठे पाया खणताना भिंत फुटली, कुठे सांडपाणी आत शिरले. डोंगराच्या पायथ्याला बोअर पडले आणि पाझर खोल गेला. यातले एकेक काम करणाऱ्याला वाटले असेल, माझ्या एकट्याने काय होणार आहे?

आणि नळ तरी कुठून येतात? गोदावरीवर पैठणला 1976 साली जायकवाडीचे मोठे धरण पुरे झाले. त्याच्या नाथसागरातून शहराला पाणी आणतात. पण धरण खाली आणि शहर उंचावर. म्हणून विजेच्या पंपांनी ते पाणी चढवावे लागते. वीज गेली, नळ फुटला, की पाणी थांबते. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, ही तक्रार त्या शहरात वर्षानुवर्षे ऐकू येते. माझ्या बहिणीची एक बादली तिथूनच निघालेली.

गैरसमज करून घेऊ नका. नळ नको, धरण नको, सगळे मागे न्या, असे मी म्हणत नाही. आजच्या लाखो वस्तीला मलिक अंबरची नहर एकटी पुरणार नाही, हे साधा हिशेब करणाऱ्यालाही कळते. नळ आले तेव्हा बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले, तेही विसरता येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की नवे आले म्हणून जुने बुजवावे असे कुठे लिहिले आहे? घरात पाहुणा आला म्हणून आपण म्हाताऱ्याला उठवून अंगणात बसवत नाही. नहरी वाहत्या राहिल्या असत्या, तर निदान धुण्याभांड्यांचे, झाडांचे, गुरांचे पाणी तरी त्यांतून भागले असते.

परतीच्या गाडीत मी हाच विचार करत बसलो. शहराला नावे ठेवणे सोपे असते. मग मला माझ्याच गावच्या विहिरी आठवू लागल्या. एकेकाळी ज्यांवर बारा महिने राहट वाजायचे, अशा किती विहिरी आज तुमच्या-आमच्या गावात आहेत, ज्यांत आपण निर्माल्य, फुटकी मडकी आणि केरकचरा टाकतो? गावात नळ आला त्या वर्षापासून त्यांचा गाळ निघाला का? ओढ्याकाठच्या बांधांचे दगड कोणाच्या घराच्या पायात गेले? ज्या वृद्ध गृहस्थांचे वाक्य मी तुम्हाला सांगितले, ते वाक्य बोलायला आपल्या प्रत्येक गावात एक ओटा आणि एक म्हातारा आहे.

म्हणून ग्रामीण श्रोत्यांनो, येत्या वैशाखात गावातल्या एका विहिरीपाशी चार माणसे जमा. एकच विहीर. तिचा गाळ काढा. विहीर जुनी असेल, तर आत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहा. तो विझला तर आत विषारी हवा आहे, कोणीही उतरायचे नाही. विझला नाही तरी एकट्याने उतरू नये, कमरेला दोर बांधूनच उतरावे आणि दोर वर दोघांनी धरावा.

आणि गुरुजनहो, तुमच्यासाठी एक सोपे काम. शाळेजवळच्या विहिरीत दर सोमवारी मुलांकडून गाठी मारलेली दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे, ते मोजून घ्या. भिंतीवर एक कागद लावा आणि त्यावर आकडा लिहा. मुले कठड्यापासून दूर उभी राहतील, दोरी तुमच्या हाती असेल, हे मात्र पाळा. एक वर्ष झाले की पाऊस कधी पडला, पाणी कधी चढले, कोणत्या महिन्यात झपाट्याने उतरले, हे सगळे त्या कागदावर दिसेल. भूगोल, गणित आणि गावचा इतिहास एकाच दोरीने मोजला जाईल. शेजारच्या बोअरचा आणि विहिरीचा काय संबंध आहे, हे मुलांना आपोआप कळेल, आणि मुले घरी जाऊन ते बोलतील.

आमच्या शाळेपुरते सांगतो. परत आल्यावर मी मुलांना नळीचा प्रयोग करून दाखवला, पाणचक्कीच्या भिंतीची गोष्ट सांगितली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आपल्या गावाखालून बी अशी नहर असन काय?" मी म्हटले, "नहर नसेल, बाळ. पण पाझर आहे." त्याने विचारले, "मंग तो कोठं जाते?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही दुसऱ्या सोमवारपासून दोरी सोडू लागलो आहोत. पहिला आकडा आला अकरा हात.